खिशातला रेडिओ, छपरावरची अँटेना

आमचं सेस्ना 172 जुनं, चौघांच्या भागीदारीतलं. एका संध्याकाळी फ्रेस्नोहून सॅन होजेला परतताना पाचेको खिंडीवर अल्टरनेटर गेला. माझ्या लक्षात येईपर्यंत बॅटरीनंही मान टाकली होती. पॅनेलवरचे दोन्ही रेडिओ मुके. बॅगेतून हातातला रेडिओ काढला आणि 10 मैलांवरून टॉवरला हाका मारत राहिलो. उत्तर नाही. ट्रान्सपॉन्डरवर रेडिओ बंद पडल्याचा 7600 हा कोड लावावा, तर त्यालाही वीज लागते! अखेर टॉवरमधून स्थिर हिरवा दिवा दिसला, तेव्हा उतरलो. त्या संध्याकाळची ही शिकवण.

1. रेडिओ ठणठणीत होता, अँटेना चुकीच्या जागी होती. विमानं बोलतात ती 118 ते 137 मेगाहर्ट्झवर. तिथे पाव तरंगलांबी साधारण 60 सेंटिमीटर भरते. माझ्या रेडिओची रबरी शेपटी जेमतेम वीतभर, आणि तीही ॲल्युमिनियमच्या डब्यात कोंडलेली. छपरावरची अँटेना मोकळ्यावर असते आणि खालचा पत्राही तिला साथ देतो. म्हणून गरजेच्या वेळी हातातला रेडिओ तिलाच जोडता यायला हवा.

2. टी-जोड लावून दोन रेडिओ एकाच अँटेनाला कधीही जोडू नका. मीही आधी तोच स्वस्तातला उपाय काढला होता. आमच्या मेकॅनिकनं हातातला जोड काढूनच घेतला. पॅनेलच्या रेडिओचं बटण दाबलं की त्याची ताकद थेट छोट्या रेडिओत घुसते आणि तो जळू शकतो. त्यानं दुसऱ्या रेडिओच्या केबलमध्ये स्विच असलेला जॅक बसवला. प्लग खुपसला की पॅनेलचा रेडिओ तुटतो आणि अँटेना हातातल्याकडे येते. प्लग काढला की सगळं पूर्ववत.

3. असं काम परवानाधारक मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि विमानाच्या वहीत नोंद झालीच पाहिजे.

4. केबल 50 ओहमची हवी आणि हवी तेवढीच लांब. आम्ही मीटरभर ठेवली. आमच्या रेडिओला बीएनसी जोड आहे: बसवा, पाव वळसा द्या, खट्‌कन अडकतो. तुमच्या रेडिओचा जोड वेगळा असेल तर ॲडॉप्टर केबललाच कायमचा लावून ठेवा. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका.

5. हेडसेटचा ॲडॉप्टर विसरलात तर दुष्काळात तेरावा महिना. इंजिनाच्या घरघरीत त्या चिमुकल्या स्पीकरमधून काही ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी टॉवरनं उत्तर दिलंही असेल. मला कळलं नसतं.

6. चार्ज होणारी बॅटरी बॅगेत पडून पडून उतरते. साध्या पेन्सिल सेलचा डबा मिळत असेल तर तोही जवळ ठेवा. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला भरपूर. म्हणून बोलणं मोजकं.

7. तालीम करा. शेजारी दुसरा वैमानिक घेऊन मी एकदा पॅनेलचे रेडिओ मुद्दाम बंद केले. बॅग मागच्या सीटवर होती आणि प्लग अंधारात सापडेना. आता केबल गुंडाळून दाराच्या खिशात असते. त्याच फेरीत 25 मैलांवरून टॉवरनं पहिल्याच हाकेला ओ दिली. रेडिओ तोच, फक्त केबल नवी.

पुढच्या उड्डाणाआधी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटं काढा. रेडिओ केबलला जोडा, हेडसेट लावा आणि टॉवरला विचारा, आवाज कसा येतोय.