धूर, धुके आणि आपली छाती

स्वच्छ पावसाचे पाणीही किंचित आम्ल असते. त्याचा पीएच सुमारे ५.६ असतो. हा आकडा घटला की आम्लता वाढते. आफ्रिकेत काँगोच्या जंगलात, कारखान्यांपासून दूर, तो ५ पेक्षाही कमी आढळला. कारण झाडांतून निघणारे वायू आणि गवताळ रानांतले वणवे. त्यांपासून हवेत फॉर्मिक, अॅसेटिक व नायट्रिक आम्ले बनतात. अशा पावसात भिजल्याने त्वचेला अपाय होत नाही. धुक्यात मात्र पाणी थोडे, म्हणून आम्ले अधिक तीव्र. त्याने घसा खवखवतो. सोबतच्या धुराचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात.

आपल्याकडे हिवाळ्यात शेकोट्या व धुके एकदमच येतात. दमेकऱ्यांनी तेव्हा ऊन पडल्यावरच फिरायला जावे, इनहेलर जवळ ठेवावा. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. पालापाचोळा जाळू नका, खत करा.