मासा दिसतो तिथे नसतो

गळ टाकायला शिकताना नवशिका बहुधा मासा दिसतो तेवढ्याच खोलीवर गळ सोडतो. मासा मात्र त्याहून खाली असतो. असे का?

पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरणांचे वक्रीभवन होते. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ आहे. म्हणून सरळ वरून पाहिल्यास ४ फूट खोल पाणी ३ फूटच भासते; काठावरून तिरपे पाहिल्यास आणखी उथळ!

वाटीत नाणे ठेवा. ते कडेआड जाईपर्यंत मागे सरका. आता मित्राला वाटीत हळूच पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा दिसू लागेल!

तेव्हा गळ जरा खोल सोडा. आणि गळ अडकला, तर तो सोडवायला पाण्यात उतरू नका. छातीएवढे दिसणारे पाणी डोक्यावरून जाऊ शकते. गळ दुसरा मिळेल.