साठी, बुद्धी आणि मेंदूचे रसायन

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
● वाढत्या वयात संवेदन व विचारप्रक्रिया यांत होणारे बदल सांगता येतील.
● स्वाभाविक मंदपणा आणि आजार यांतील फरक स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक
‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. वयाबरोबर बुद्धी नाहीशी होते, असा तिचा आशय आहे. ही म्हण मानसशास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरते, ते या पाठात पाहू.

संवेदनातील बदल
समजा, वसई रोड स्थानकावर सत्तरीच्या आजीबाई सुनेसोबत उभ्या आहेत. फलाट बदलल्याची घोषणा होते. सून लगेच वळते. आजीबाई मात्र ‘काय म्हणाले गं?’ असे विचारतात. हा बुद्धीचा दोष असेलच असे नाही. वयानुसार आंतरकर्णातील सूक्ष्म संवेदक पेशी कमी होतात आणि प्रथम उच्च वारंवारितेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’ ही व्यंजने याच पट्ट्यात येतात. त्यामुळे आवाज कानी पडतो, पण शब्द उलगडत नाहीत. गोंगाटात ही अडचण अधिकच वाढते.

विचारप्रक्रियेतील बदल
मेंदूतील पेशी चेतापारेषक रसायनांद्वारे परस्परांना संदेश देतात. त्यांपैकी डोपामिनचा संदेश स्वीकारणारे ग्राही तरुणपणापासूनच हळूहळू घटत जातात. विचाराचा वेग मंदावण्याशी या घटीचा संबंध आढळतो. रेमंड कॅटेल यांनी १९४३ मध्ये बुद्धीचे दोन प्रकार मांडले. नवी समस्या सोडवणारी प्रवाही बुद्धी लवकर उतरणीला लागते. शब्दसंग्रह व अनुभव यांवर आधारलेली स्फटिक बुद्धी मात्र साठीनंतरही बराच काळ टिकते. आजीबाईंना नवा मोबाइल शिकायला वेळ लागतो, पण नात्यागोत्याची गुंतागुंत त्या अचूक सोडवतात, ती यामुळेच.

आजार केव्हा मानावा?
नाव चटकन न आठवणे स्वाभाविक आहे. स्वतःच्याच आळीत वाट चुकणे स्वाभाविक नाही. अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलीन हे रसायन निर्माण करणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. मात्र ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा काही औषधे यांमुळेही गोंधळ उद्भवतो आणि त्यावर बहुधा उपचार करता येतो. अशा व्यक्तीला ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून दिल्यास उपचाराची संधी हुकते.

भाषा आणि मेंदू
हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधील स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे आढळले; निरक्षरांतही हा फरक दिसला. यावरून भाषा हे औषध ठरत नाही. तरीही घरी कादोडी, शाळेत मराठी आणि लोकलमध्ये हिंदी बोलणाऱ्या वसईकरांच्या संदर्भात हा निष्कर्ष लक्षणीय आहे.

सारांश
साठीनंतर बुद्धी नाठी होत नाही. तिचा वेग कमी होतो, संचय टिकतो. प्रौढ वयात पदवीचा अभ्यास करणाऱ्या आपणही वेगाची चिंता न करता, थोडे थोडे वाचून पुनःपुन्हा उजळणी करावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. प्रवाही व स्फटिक बुद्धीतील फरक सोदाहरण लिहा.
२. आपल्या परिचयातील एखाद्या वृद्ध व्यक्तीचे विसरणे कोणत्या प्रकारात मोडते, ते सकारण सांगा.