हिवरखेड : लोकसंख्या आणि दळणवळण

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड वसले आहे. हिवर हा बाभळीच्या कुळातील वृक्ष. त्याच्यावरून पडलेली गावांची नावे वऱ्हाडात अनेक ठिकाणी आढळतात. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातही एक हिवरखेड आहे. म्हणून तेल्हाऱ्यातील गावास 'हिवरखेड रूपराव' म्हणण्याचा प्रघात पडला. पत्त्यात तालुका लिहिण्याचा आळस केल्यास कागद भलत्याच जिल्ह्यात पोचतो, हे टपाल हाताळणाऱ्यांस सांगावयास नको.

नावात 'खेड' असले तरी २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या वीस हजारांहून अधिक होती. एवढ्या वस्तीचे कारण बऱ्याच अंशी पाण्यात आहे. दक्षिणेस पूर्णेच्या दोन्ही काठांवर खारपाणपट्टा पसरलेला असून तेथील विहिरींचे पाणी पिण्यास व ओलितास फारसे उपयोगी पडत नाही. डोंगराच्या बाजूस मात्र गोडे पाणी लागते. संत्रा, केळी, पानपिंपळी अशी मजुरांस दीर्घकाळ काम देणारी पिके या पट्ट्यात होतात.

ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार ७ पासून १७ पर्यंत ठरते. लोकसंख्या ७,५०० च्या वर गेली की सदस्य १७ वरच थांबतात. आठ हजार वस्तीच्या गावास जेवढे प्रतिनिधी, तेवढेच हिवरखेडास मिळत. गावास नगरपरिषद मिळून तिची पहिली निवडणूक २०२५ च्या अखेरीस झाली.

दळणवळणाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. उत्तर व दक्षिण भारतातील मीटरगेज जाळी जोडण्यासाठी खांडवा–हिंगोली हा दुवा स्वातंत्र्यानंतर उभारण्यात आला. अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड, वान रोड, धूळघाट अशी त्यावरील स्थानके. जयपूरहून दख्खनेत जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने धावत असे. परंतु हिवरखेडच्या पुढे मार्ग मेळघाटच्या अरण्यात शिरे. धूळघाटजवळ रुळांना वळसा घेऊन स्वतःच्याच मार्गावरून जावे लागे. प्रवाशांस ते दृश्य मोठे मनोहर वाटे. स्थानकास उतारू व माल पुरविणारी वस्ती मात्र त्या बाजूस विरळच होती.

२०१७ च्या आरंभी गेज रूपांतरासाठी अकोला–अकोट टप्प्यावरील मीटरगेज वाहतूक बंद झाली आणि जिल्ह्याच्या ठिकाणाशी हिवरखेडचा रेल्वेसंबंध तुटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. पुढील मार्ग व्याघ्र प्रकल्पातून नेण्यास आक्षेप होता. राज्य शासनाने २०२१ मध्ये पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. नव्या आखणीत हिवरखेड कायम असून पुढे सोनाळा, जामोद व खकनार या बाजूने तुकईथडकडे जावयाचे आहे. अंतर वाढते, हे खरे. पण जंगल टळते आणि बुलढाणा जिल्ह्यातील दाट वस्तीची, रेल्वेपासून आजवर दूर राहिलेली गावे मार्गावर येतात. स्थानकाचे नाव तेच राहून त्यामागचे लोक बदलावेत, असा हा दुर्मिळ योग आहे.

रेल्वे नसताना तेल्हारा व अकोटकडील प्रवासाचा भार रस्त्यावर पडतो. हा भार जनगणनेच्या तक्त्यांत पुरता दिसत नाही. २०११ मध्ये कामाच्या ठिकाणचे अंतर व प्रवासाचे साधन विचारण्यात आले; परंतु शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योगातील कामगार त्या प्रश्नातून वगळले होते. म्हणजे ज्या मजुराचा दिवस वाहनाची वाट पाहण्यात उजाडतो, त्याची ये-जा मोजलीच गेली नाही. शाळेसाठी बाहेरगावी जाणारी मुलेही त्या तक्त्यात नाहीत.

ही उणीव गावपातळीवर भरून काढता येते. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. कोणत्या गावासाठी किती पास दिले, याची नोंद आगारात मिळू शकते. शाळेच्या हजेरीपटावरून बाहेरगावची मुले निवडून ती कोणत्या वेळच्या बसने येतात, एवढे दोन रकाने शिक्षकांनी वाढविले, तर बस चुकल्याने बुडालेले दिवसही त्याच कागदावर दिसू लागतील. बसची वेळ बदलून मागताना नुसत्या ठरावाऐवजी हा तक्ता आगारप्रमुखापुढे ठेवावा. पुढील जनगणना २०२७ ची आहे. हा तक्ता येत्या सत्रारंभीच तयार होऊ शकतो.