चेऊलकरांची नात

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस समुद्रकाठी चौल हे गाव आहे. आज तेथे नारळी-पोफळींच्या दाट वाड्या दिसतात. परंतु एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. अरबस्तान व इराण येथील गलबते येथे नांगर टाकीत. परदेशी माणसाचे या गावाला कधी नवल वाटले नाही. तरीही काही वर्षांपूर्वी आलेली एक बारा वर्षांची पाहुणी गावाच्या लक्षात राहिली. ती आईवडील व आजोबा यांच्यासह इस्राएल देशातून आली होती आणि तिचे आडनाव होते चेऊलकर!

परदेशातील मुलीचे असे मराठी आडनाव कसे? कोकणच्या किनाऱ्यावर 'बेने इस्राएल' हा ज्यू समाज अनेक शतके राहत आला आहे. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवार हा त्यांचा पवित्र विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. मराठी त्यांची मातृभाषा झाली. गावांवरून आडनावे पडली : पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर आणि चेऊलचे, म्हणजे चौलचे, चेऊलकर. 'बूटपॉलिश' (१९५४) या चित्रपटात जॉनचाचाची भूमिका करणारे नट डेव्हिड हेही चेऊलकरच.

१९४८ साली इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाले. त्यानंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. या मुलीचे आजोबा १९६५ साली गेले, तेव्हा तेही बारा वर्षांचेच होते.

मुंबईहून लाँचने मांडव्यास उतरून मंडळी मोटारीने निघाली. वाटेत नवगावच्या जुन्या दफनभूमीत आजोबा बराच वेळ हात जोडून उभे राहिले. पुढे अलिबाग मागे पडले. मुलीला मराठी समजत असे, थोडेसे बोलताही येई. पण वाचता येत नसे. आजोबांनी तिला देवनागरीत आपले आडनाव तेवढे लिहावयास शिकविले होते. रस्त्याच्या कडेची एक पाटी पाहून ती एकदम ओरडली, "आजोबा, हा आपला 'च' आणि हा आपला 'ल'!" पाटीवर 'चौल' असे लिहिले होते.

आजोबांचे घर आता उरले नव्हते. जोत्याचे काही चिरे आणि विहीर एवढीच खूण होती. शेजारच्या वाडीतून एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांनी पाहुण्यांकडे क्षणभर निरखून पाहिले आणि विचारले, "शनिवारी ज्या घरी चूल पेटत नसे, त्या घरचा तू ना रे?" आजोबांना उत्तर देववेना. त्यांनी नुसती मान हलविली.

शहाळ्याचे पाणी पिऊन झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, येथे तुम्हांला कोणी त्रास देत असे का?"

"मुळीच नाही."

"मग तुम्ही गेलात कशाला?"

आजोबा म्हणाले, "बाळ, आमच्या प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या जेरुसलेमचे नाव होते. त्या ओढीने आम्ही गेलो. आमच्या आधी जे गेले, त्यांना मात्र तेथे काहींनी विचारले, 'तुम्ही खरोखर आमचेच का?' आपल्या लोकांनी त्यासाठी धरणे धरले. आम्ही सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहोत, हे १९६४ साली तेथील सरकारने जाहीर केले. तेही आपलेच घर आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण तो प्रश्न या गावाने आम्हांला कधी विचारला नव्हता."

सायंकाळी मंडळी रेवदंड्याच्या 'बेथ एल' या प्रार्थनामंदिरात जाऊन आली. निघण्याची वेळ झाली, तेव्हा मुलीने त्या वृद्ध शेजाऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हटले, "येते हं."

'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावे, हे तिला घरी कोणीतरी शिकविले होते. म्हातारबांचे डोळे भरून आले. १९६५ साली तिचे आजोबाही 'येतो' म्हणूनच निघाले होते.

शब्दार्थ : वंशज – पुढील पिढ्यांतील माणसे. जोते – घराचा चौथरा. चिरा – घडविलेला दगड. धरणे धरणे – मागणी मान्य होईपर्यंत बसून राहणे.

स्वाध्याय

१. 'शनिवार तेली' हे नाव कसे पडले?

२. शेजाऱ्यांनी आजोबांना कोणत्या खुणेवरून ओळखले? त्या खुणेवरून गावाविषयी काय समजते?

३. निरोप घेताना आपण 'येतो' असे का म्हणतो?

४. तुमच्या गावावरून पडलेली आडनावे शोधा व त्यांची यादी करा.