ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने : तत्त्व घ्यावे, शिफारस तपासावी

चेन्नई येथील आयआयटी मद्रासमध्ये मुद्रित झालेले व्याख्यान आज जालना किंवा वर्धा जिल्ह्यातील कृषी सहायक मोबाइलवर विनामूल्य पाहू शकतो. या सोयीचा पाया २००३ मध्ये घातला गेला. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने ‘एनपीटीईएल’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचे समन्वयन आयआयटी मद्रास करते. २०१४ पासून प्रमाणपत्र अभ्यासक्रमही उपलब्ध झाले आणि २०१७ मध्ये ‘स्वयं’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. आरंभी अभियांत्रिकीपुरता असलेला हा संग्रह आता मृदाशास्त्र, सिंचन, अन्नप्रक्रिया अशा विषयांपर्यंत पोहोचला आहे. याखेरीज विद्यापीठांतील चर्चासत्रे व परिसंवाद यूट्यूबवर पाहता येतात.

व्याख्यानाचे दोन भाग

पीकसंरक्षणावरील प्रत्येक व्याख्यानात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली म्हणजे तत्त्व : किडीचा जीवनक्रम, नुकसानीची आर्थिक पातळी, प्रतिकारशक्ती कशी निर्माण होते. हे ज्ञान सहसा लवकर जुने होत नाही. दुसरी म्हणजे शिफारस : कोणते वाण, कोणते कीटकनाशक, किती मात्रा. तिला काळाची आणि प्रदेशाची मर्यादा असते. मुद्रित व्याख्यान मात्र दोन्ही भाग सारख्याच खात्रीने ऐकवते. हा भेद न करता दिलेला सल्ला शेतकऱ्याच्या खर्चाशी आणि आरोग्याशी निगडित ठरतो.

पुढील उदाहरणे पाहावीत.

• बोलगार्ड-२ कपाशी भारतात २००६ मध्ये आली. त्या सुमाराच्या व्याख्यानात ती गुलाबी बोंडअळीवरील उपाय म्हणून सांगितलेली आढळेल. पुढे या अळीने दोन्ही जनुकांच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीचे मोठे नुकसान झाले.
• अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली. त्यापूर्वीच्या मका कीड व्यवस्थापनाच्या व्याख्यानात तिचा उल्लेख असणार नाही.
• एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली. फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. जुन्या व्याख्यानांत मात्र ही नावे कायम आहेत.

पाहण्याची पद्धत

१. प्रथम मुद्रणाचे वर्ष पाहावे. यूट्यूबवर दिसणारा दिनांक हा प्रसारणाचा असतो. व्याख्यान त्याहून जुने असू शकते.
२. वक्त्याने कोणत्या राज्यातील, कोणत्या पिकाविषयी निरीक्षणे मांडली, याची नोंद करावी.
३. वहीत दोन रकाने आखावेत : ‘तत्त्व’ आणि ‘शिफारस’.
४. शिफारशीच्या रकान्यातील प्रत्येक नोंद आपल्या कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशींशी आणि कीटकनाशकाच्या लेबल क्लेमशी ताडून पाहावी. तपासणी पूर्ण होईपर्यंत ती शेतकऱ्यांना सांगू नये.
५. तत्त्वाचे रूपांतर शिवारातील कृतीत करावे.

शेवटच्या मुद्द्याचे उदाहरण गुलाबी बोंडअळीचेच घेता येईल. अळी बोंडात शिरल्यावर प्रवेशछिद्र बुजते, त्यामुळे बोंड बाहेरून निरोगी दिसते. व्याख्यानातील हे एक वाक्य शेतीशाळेत कृती बनते : शेतात फिरून २० हिरवी बोंडे तोडावीत आणि फोडून पाहावीत. २ बोंडांत जिवंत अळी आढळल्यास प्रादुर्भाव १० टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचला. कामगंध सापळ्यांत प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळणे हाही तितकाच स्पष्ट इशारा होय.

प्रमाणपत्र हवे असल्यास

एनपीटीईएलचे अभ्यासक्रम साधारणतः ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. नावनोंदणी विनामूल्य असते. परीक्षा ऐच्छिक असून तिला शुल्क आहे व ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एकूण गुणांत स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के असतो. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असल्याने गटाने पाहणे सोयीचे ठरते : दहा-पंधरा मिनिटांनी थांबावे, आशय मराठीत सांगावा, शंका लिहून ठेवाव्यात आणि त्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञांकडे न्याव्यात. मुद्रित व्याख्यानाला प्रतिप्रश्न करता येत नाही. तज्ज्ञाला करता येतो.