मॅनिफोल्डवरचा रंग का टिकत नाही?

काशीमिऱ्याला महामार्गालगतच्या एखाद्या गॅरेजात जुना ट्रक उभा असेल, तर त्याचे बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या बगलेला हाताच्या बोटांसारखे फाटे फुटलेला एक बीडाचा नळ दिसेल. हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून तो सायलेन्सरकडे पाठवतो. बाकीच्या इंजिनावर रंग असतो. हा मात्र तांबूस गंजाच्या खपल्यांनी भरलेला!

मालाने भरलेला ट्रक गायमुखचा चढ चढू लागला की डीझेल इंजिनातून बाहेर पडणारा वायू ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. साध्या तैलरंगातील तेल किंवा राळ ही कार्बनच्या साखळ्यांची बनलेली असते. एवढ्या उष्णतेत ती हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळते आणि उरते ती रंगाची सुटी भुकटी. रेड ऑक्साइडचा हात आधी दिला तरी उपयोग नाही. तोही तेलातच कालवलेला.

दुसरा शत्रू प्रसरण. बीडाचा प्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे ०.००००११ आहे. ७० सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला तर ३ मिलिमीटरने वाढतो. (त्याच्या बोल्टांची भोके थोडी सैल का ठेवतात, ते आता तुम्हीच सांगा.) रंगाचा थर व गंज बीडाइतकेच वाढत नाहीत, म्हणून ते तडकतात. भाईंदरची खाडी आणि मिठागरे जवळच. गार झालेल्या नळावर खारट दमट हवा बसते, तडीत शिरते आणि नवा गंज धरतो.

यावर उपाय म्हणजे सिलिकोन राळेत ॲल्युमिनियमची बारीक पत्री मिसळलेला रंग. सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा असतो. ऑक्सिजनशी आधीच जोडलेला सिलिकॉन आणखी काय जळणार? तापल्यावर त्यातील कार्बनी भाग निघून जातो, पण वाळूसारखे सिलिकेचे जाळे मागे राहते व पत्रीला धरून ठेवते. म्हणून हा रंग पातळ लावून, इंजिन टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. जाड थर दिला की फोड येतात.

पण खरी मेहनत रंगाआधीची. तेलकटपणा आणि गंज पूर्ण काढून उघडे बीड दिसले पाहिजे. इथेच धोकाही आहे. जुन्या ट्रकच्या पॅकिंगमध्ये किंवा नळावर गुंडाळलेल्या पट्टीत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासाबरोबर गेली तर अनेक वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. अशी पट्टी कोरडी खरवडणे, हवेच्या झोताने उडवणे, हे तर मुळीच करू नये. वाळूच्या माऱ्याने गंज काढणेही तितकेच घातक; सिलिकेच्या धुळीने सिलिकोसिस होतो. गॅरेजातील तुमच्या वयाच्या मुलाच्या तोंडावर नुसता रुमाल बांधलेला असतो, त्याने ही धूळ अडत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असे विचाराल. ४५० अंशांना, म्हणजे ७२३ केल्व्हिनला, पूर्ण काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे १५,५०० वॅट प्रारण करतो. गंजलेल्या बीडाची उत्सर्जकता ०.८ आणि ॲल्युमिनियमच्या रंगाची ०.४ धरू. मॅनिफोल्डचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर मानले, तर पहिल्यातून जवळजवळ २,५०० वॅट आणि दुसऱ्यातून १,२५० वॅट बाहेर पडतात. म्हणजे केबिनखाली, डीझेलच्या नळ्यांशेजारी हजार वॅटची एक शेगडी कमी पेटली! अर्थात प्रारण घटले की नळ स्वतः थोडा अधिक तापतो, त्यामुळे प्रत्यक्षातली बचत याहून कमी भरते.

हे घरी पडताळता येईल. दोन सारखे डबे घ्या. एकाला बाहेरून ॲल्युमिनियमचा रंग द्या, दुसऱ्यावर दिव्याची काजळी धरा. रंग वाळल्यावर दोहोंत सारखेच गरम पाणी ओता, झाकणे लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान टिपून आलेख काढा. पंखा मात्र बंद ठेवा.